सरांच्या प्रकरणांची शेपटं

हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळ नाही, डेस्कवरच्या जुन्या सोबत्यांजवळ तर नाहीच. ज्यांच्याशी असं वागलो, त्यांना अलीकडं सांगावं लागलं. तेवढं सोडलं तर तुम्ही पहिले.

तुमच्यापैकी काहींनी ते पुस्तक ऐकलंही असेल. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये आहे. विश्व सुरू कसं झालं, तारे कशाचे असतात, आपल्यापर्यंत येणारा प्रकाश किती जुना असतो — सगळं साध्या मराठीत, माझ्या आवाजात. कुणी भाजी चिरताना ऐकतं, कुणी एमआयडीसीत पाळीवर जाताना. ऐकलं असेल तर थोडी फसवणूक तुमचीही झाली. पण तुमचं फारसं काही बिघडलं नाही. बिघडलं ते दुसऱ्याचं.

मी वर्तमानपत्रातला. वीसेक वर्षं उपसंपादक होतो. आमच्या कामातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. बातमी येते ती लांब, जागा असते ती कमी. मग काय करायचं? खालून कापायचं. वार्ताहराला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं — महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. त्यामुळं शेवटचे परिच्छेद पुरते न वाचताही उडवता येतात. आम्ही त्यांना शेपूट म्हणायचो. ‘शेपूट उडव आणि पान सोड’, म्हणजे छपाईला दे — हे वाक्य मी किती वेळा ऐकलं आणि किती वेळा म्हटलं, त्याला हिशेब नाही. वार्ताहर सकाळी कुरकुरायचे. वाचकानं कधी तक्रार केली नाही. कशी करणार? जे छापलंच नाही, ते गेलं हे त्याला कळणार कसं?

ही सवय हातात इतकी मुरली होती की ती सवय आहे हेच मी विसरलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. सवयीनं पहिलं शेपूट कापलं गेलं असेल. बाकीची मी जाणूनबुजून कापली.

आता चिप्पा सर. कॉलेजात मला भौतिकशास्त्र शिकवायला होते. मी त्या विषयात कसाबसा पास झालो, पण त्यांचा तास कधी बुडवला नाही. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचं घर. खाली पुतण्याचे टॉवेलचे यंत्रमाग, वर सर, मुलगा आणि सून श्रीलता. मुलगा कामानिमित्त बहुतेक बाहेरगावी. निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं सरांची नजर गेली. आधी कडेची, मग मधली. वाचणं बंद, लिहिणं बंद. पण बोलणं? ते कसं बंद होणार? दर रविवारी संध्याकाळी गच्चीवर सतरंजी पडायची आणि जुने विद्यार्थी, त्यांची मुलं, गल्लीतलं कोणीही येऊन बसायचं. सर आकाशाकडं तोंड करून बोलायचे. दिसत काही नव्हतं. कुठला तारा कुठं आहे ते मात्र बोटानं दाखवायचे, आणि बोट चुकायचं नाही.

आमच्या आवृत्तीचा डेस्क दुसऱ्या शहरात हलला, तेव्हा मी नोकरीतून मोकळा झालो. स्थानिक केबलवर बातम्या वाचायचो, म्हणून पुण्याच्या एका ऑडिओबुकवाल्यांनी पुस्तकं वाचायला बोलावलं. विश्वाविषयी मराठीत काहीतरी हवंय, असं ते म्हणाले. मी सरांचं नाव सुचवलं. सर बोलतील, ते रेकॉर्ड होईल, अशी कल्पना होती. सरांनी उत्साहानं पहिलं प्रकरण फोनवर बोलून व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवलं. पुण्याहून उत्तर आलं: आवाजामागं यंत्रमाग ऐकू येतात, चालणार नाही. सर पुण्याला जायला तयार नव्हते. “माझं डोकं या खुर्चीतच चालतं बघ बिराजदार,” म्हणाले. “मी बोलतो, तू उतरवून घे आणि तूच वाच. तुझा आवाज काय वाईट हाय?”

तसं ठरलं. सर तुकड्यातुकड्यानं बोलून पाठवायचे, मी ते उतरवून नीट करायचो आणि आमच्या मागच्या खोलीत भिंतींना चादरी टांगून वाचायचो. पुस्तक छापलेलं नव्हतं. मजकूर होता तो माझ्या कॉम्प्युटरवर, आणि त्यांचे मूळ आवाज माझ्या फोनमध्ये. मधल्या काळात सरांचा फोन बिघडला, नवा घेतला, जुन्यातलं सगळं गेलं. म्हणजे ते नेमकं काय बोलले, हे जगात फक्त मला तपासता येत होतं.

सरांची एक पद्धत होती. प्रकरणाचं शास्त्र बोलून झालं की शेवटी थोडं घरचं बोलायचे. ताऱ्यांच्या अंतराचं प्रकरण घ्या. प्रकाश पोचेपर्यंत ताऱ्याची खबर जुनी झालेली असते, हे समजावून झाल्यावर ते वारलेल्या बायकोवर आले. लग्नानंतर दोन वर्षं त्या श्रीपूरला साखर कारखान्याच्या शाळेत शिकवायला होत्या. एकदा त्यांचं पत्र आलं — ताप उतरत नाही. सर हातातलं टाकून एसटीनं धावले. पोचले तर बाई शाळेच्या फाटकाशी मैत्रिणींबरोबर उसाचा रस पीत उभ्या. ‘मी पत्रातल्या बायकोला भेटायला गेलो होतो,’ असं सर त्यात म्हणाले होते. ‘ती तिथं नव्हती. आकाशाकडं बघताना आपण सगळे श्रीपूरच्या एसटीत बसलेलो असतो.’

मी ते उडवलं.

का? पुण्याची अट होती, प्रकरण अर्ध्या तासाच्या आसपास असावं. हे प्रकरण थोडं वर जात होतं. एक फोन केला असता तर त्यांनी चालवून घेतलं असतं. मी केला नाही. शेपूट उडवलं आणि पान सोडलं.

पुढचं प्रकरण अर्ध्या तासात बसत होतं. तरी शेपूट कापलं. कारण आता मला वाटू लागलं होतं — हे आधी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं — की पुस्तक त्यामुळं सुधारतंय. घट्ट होतंय. सरांना शास्त्र कळतं, पण थांबायचं कुठं ते मला कळतं. अशी माझी समजूत. शेवटच्या प्रकरणात तर त्यांनी, आपल्याला काय काय माहीत नाही, हे एकेक करून सांगितलं होतं आणि ‘माहीत नाही’ असं म्हणून ते थांबले होते. वर्तमानपत्रात कुणी असं थांबतं का? मी ते कापून त्याआधीच्या ठाम वाक्यावर पुस्तक संपवलं.

अ‍ॅपवर लोकांनी लिहिलं — नेमकं आहे, कुठंही पाल्हाळ नाही. ते वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? फार बरं वाटलं.

पुस्तक आलं त्या आठवड्यात सरांनी बोलावलं. श्रीलतानं फोन स्टुलावर ठेवला, पुतण्या माग थांबवून वर आला. सर खुर्चीत ताठ बसले होते, लग्नात बसतात तसे. त्यांनीच प्रकरण निवडलं — विश्वाच्या सुरुवातीच्या काळातला जो प्रकाश अजूनही सगळीकडं भरून राहिलाय, आणि आकाशाच्या प्रत्येक दिशेकडून रेडिओच्या अँटेनात सारखीच खरखर होऊन येतो, त्याचं. माझा आवाज खोलीत पसरला. ठीक वाचलं होतं. प्रकरण संपलं. सर तसेच मान पुढं करून बसले होते.

“पुढं?”

“संपलं सर.”

“आईचं हाय की पुढं.”

होतं. त्यांची आई दुपारी मागांच्या खडखडाटात गाढ झोपायची, आणि वीज जाऊन माग थांबले की दचकून उठायची. काय झालं, काय झालं, म्हणायची. जे सगळीकडं असतं ते ऐकूच येत नाही, असं सरांनी त्यावरून सांगितलं होतं. मी ते स्वतः उतरवून घेतलं होतं आणि स्वतः काढलं होतं.

त्या क्षणी खरं सांगणं सोपं होतं. ‘लांबत होतं सर, काढलं’ — एवढंच. ते चिडले असते, चार शब्द बोलले असते, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाचून घातलं असतं. पण पुतण्या बघत होता, श्रीलता बघत होती. आणि मी म्हणालो, “नाही सर. ते तुम्ही कधी गच्चीवर बोलला असाल. पुस्तकात नाही पाठवलेलं.”

सर म्हणाले, “असं?” आणि थोड्या वेळानं, “असेल.”

हे दोन शब्द.

त्यानंतर त्यांनी सगळी प्रकरणं ऐकली, एकटे बसून. प्रत्येकाच्या शेवटी त्यांना आठवत होतं ते तिथं नव्हतं. श्रीपूर नव्हतं. बायको कुठंच नव्हती. मला फोन करून विचारायचे — हे मी बोललो होतो का? मी म्हणायचो, नाही सर. एकदा नाही म्हटल्यावर पुढचं प्रत्येक नाही आपोआप निघतं. शेवटी शेवटी ते विचारेनासे झाले. मला वाटलं, सुटलो.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती मला पहिल्यापासून माहीत होती. सरांच्या थोरल्या भावाला विस्मरणाचा आजार झाला होता. अखेरीस त्यांना स्वतःची मुलं ओळखू येत नव्हती, आणि न घडलेल्या गोष्टी ते शपथेवर सांगायचे. सरांनी ते जवळून पाहिलं होतं. नजर गेली तेव्हा सर मला म्हणाले होते, डोळे गेले तर गेले, डोकं शाबूत राहू दे म्हणजे झालं.

तर त्या माणसाला मी हे केलं.

गच्चीवरचे रविवार बंद पडले. दुसरं पुस्तक — ताऱ्यांच्या मरणाविषयी — दोन प्रकरणांवर थांबलं. एखादी गोष्ट सांगता सांगता सर मधेच म्हणायचे, ‘हे झालं होतं ना? का मला वाटतंय?’ गोळी घेतली का, दार लावलं का, श्रीलताला दहादा विचारायचे. शेवटी तिनं डॉक्टरांची वेळ घेतली आणि मला म्हणाली, “दादा, तुम्ही या बरोबर. तुमचं ऐकतात ते.”

मी गेलो. डॉक्टरांच्या खोलीत सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी वार विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सर दोनपर्यंत खाली आले आणि म्हणाले, “पुढं उणे पाच. जाऊ का अजून?” डॉक्टर हसले. वयाच्या मानानं उत्तम आहे, काळजी करू नका, म्हणाले.

सर हसले नाहीत. म्हणाले, “वजाबाकी येते हो डॉक्टर. पण मला जे आठवतंय ते झालेलं आठवतंय का न झालेलं, हे कसं तपासायचं?”

ते तपासायचं साधन माझ्या खिशात होतं. शर्टाच्या. मी खिडकीबाहेर बघत होतो.

घरी सोडल्यावर श्रीलतानं चहा दिला, तो प्यायलो. हेही केलं.

असं वर्षाच्या वर गेलं. या काळात मला पश्चात्तापानं झोप नव्हती, असं काही लिहिणार नाही. झोप येत होती. काम चालू होतं, दुसरी पुस्तकं वाचत होतो. सरांच्या गल्लीकडं जाणं टाळायचो, एवढंच. माणूस किती आरामात वाईट वागू शकतो, याची बातमी कुणी केली तर मी साक्ष देईन.

मग या उन्हाळ्यात सरांचा फोन आला. ये म्हणाले. खुर्चीतच होते, पण पाठ टेकलेली. पुण्याला कळव, म्हणाले, दुसरं पुस्तक होणार नाही. मी काहीतरी समजूत घालू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

“एक वाट हाय,” म्हणाले. “माझ्या आठवणीवर माझा भरवसा राहिला नाही बिराजदार. तुझ्यावर हाय. मी बोलत जाईन. काय बोललो, काय नाही, हे तू सांगायचं. तू म्हणशील ते खरं धरीन. तू ‘बोलला नाही’ म्हणालास, तर मी बोललो नाही.”

मी ‘बरं सर’ म्हणालो. जिना उतरलो, स्कूटर काढली, घरी आलो. जेवलोही. पण आता मला कळत होतं की हे यापुढं चालणार नाही. चांगुलपणानं नव्हे. एखादा माणूस आपल्या आयुष्यात काय झालं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार तुमच्या हातात ठेवतो — तुम्ही कोण आहात हे न कळता ठेवतो — तेव्हा तो हातात धरून उभं राहणं मला जमेना. फार जड होतं. मी ते ओझं टाकायला गेलो, असं म्हणा.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. खाली माग चालू होते. सर आणि श्रीलता दोघं असताना सांगायचं, एवढं ठरवलं होतं. ती लसूण सोलत होती. मी फोन काढला आणि आईचा तुकडा लावला.

आधी मागांची खडखड. मग सरांचा आवाज — ‘माझी आई दुपारी झोपायची बघा…’

सर हलले नाहीत. तुकडा संपला. “परत लाव,” म्हणाले. परत लावला. मग श्रीपूरचा लावला, मग शेवटचा, ‘माहीत नाही’वाला. मधेमधे मी सांगत होतो. मी काढलं. मला माहीत होतं. मी खोटं बोललो. दवाखान्यातही माहीत होतं. वाक्यं तुटक होती, पण सगळी बोललो. एकही राहू दिलं नाही.

सरांनी सुनेकडं तोंड केलं आणि घरी बोलायच्या तेलुगूत, खालच्या मागांच्या खडखडाटातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, “नाकेम कालेदम्मा!” — मला काही झालेलं नाही गं! तेच परत. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाज फुटला आणि ते हसायला लागले. डोळे वाहत होते आणि हसत होते. श्रीलतानं लसणाचं ताट बाजूला सारलं आणि त्यांचे हात धरले.

खोलीत सगळ्यांत मोकळं कुणाला वाटत असेल, तर मला. हे सांगायला संकोच वाटतो, पण खरं आहे.

बऱ्याच वेळानं सरांनी मला विचारलं. का केलंस, असं नाही. त्यांनी विचारलं, “कंटाळवाणं होतं का रे?”

मी म्हणालो, नाही सर. ते म्हणाले, मग? मी फोन खिशात घातला आणि उठलो.

श्रीलता दारापर्यंत आली. एरवी दादा म्हणायची, त्या दिवशी म्हणाली नाही. “दवाखान्यात शेजारी बसला होता की तुम्ही,” म्हणाली. “माझ्या हातचा चहा घेतला.” मी हो म्हणालो. तिनं दार लावलं.

पुण्याला, मी कुठं काय कापलं होतं, एवढं स्वतः कळवलं. काढलेले भाग मी पुन्हा वाचून देतो म्हणालो. सरांनी नको म्हणून निरोप पाठवला: ते त्यांच्याच आवाजात जातील, माग असू देत मागं. पुण्याचे लोक थोडे नाखूश होते, पण तयार झाले. आता तुम्ही अ‍ॅप उघडलंत तर प्रत्येक प्रकरणात एक जागा येते. माझा स्वच्छ आवाज थांबतो, खडखड सुरू होते आणि सर बोलू लागतात. मी कुठं कुठं कापलं होतं, ते आता कुणालाही ऐकू येतं. काही जणांनी लिहिलंय, शेवटी आवाज खराब आहे. बऱ्याच जणांनी लिहिलंय, शेवट सगळ्यांत चांगला आहे.

दुसरं पुस्तक सर श्रीलताला सांगतात. ती उतरवून घेते आणि त्यांना वाचून दाखवते. वाचायला त्यांनी दुसरा माणूस शोधलाय. मला कुणी बोलावलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

रविवार पुन्हा सुरू झालेत. कळलं तेव्हा एकदा गेलो. न सांगता मागं बसणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं, म्हणून वर पोचताच म्हणालो, “सर, मी बिराजदार.” “बस,” सर म्हणाले, आणि बोलणं पुढं चालू केलं. विषय ताऱ्यांच्या मरणाचा होता. मधेच त्यांना कॉलेजातली एक फजिती आठवली. नवी दुर्बीण आणलेली, प्राचार्यांना शनीची कडी दाखवायला बोलावलं, आणि प्राचार्य बराच वेळ बघून म्हणाले, छान आहे, पण हा शेजारच्या गच्चीवरचा दिवा नाही ना? लोक हसले. सर पुढं गेले आणि थोड्या वेळानं तीच फजिती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

पुढं बसलेली एक मुलगी धिटाईनं म्हणाली, “सर, हे मगाशी झालं की!”

मी श्रीलताकडं बघितलं. ती सरांकडं बघत होती.

“व्हय?” सर म्हणाले. “मग काय झालं? परत ऐक. लई भारी हाय ते.”

आणि त्यांनी ते पुन्हा सगळं सांगितलं, शेवटापर्यंत.